पायरीचा कोपरा

सासऱ्यांनी बसच्या फळीवरून पिशवी खाली ओढली आणि त्यांचा तोल गेला. पुढच्या सीटवरच्या माणसानं हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. काही नाही, फरशी बसवतो मी, थोडी हत्यारं आहेत." प्रार्थनेच्या जागी हत्यारं घेऊन कोण जातं? पण फरशी बसवणाऱ्या माणसाच्या पिशवीत थापी-हातोडा असायचाच, असं वाटून तो माणूस पुन्हा खिडकीकडे वळला. मागे उभ्या असलेल्या सुनेनं मान खाली घातली. पिशवीत काय आहे ते तिला ठाऊक होतं. सासूबाईंना ते ठाऊक नाही, असं दोघं सकाळपासून धरून चालले होते.

सासूबाई सगळ्यांच्या आधी उतरून, डोळ्यांवर हात धरून उन्हात उभ्या होत्या.

"किती वेळ तो? बस परत निघेल आता तुम्हाला घेऊन."

"आलो, आलो."

"आणि ती पिशवी ठेवा की खाली. कोणी पळवणार नाही तुमची थापी."

सासऱ्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि तिकिटाच्या खिडकीकडे चालू लागले.

त्यांच्या पंथातलं माणूस आयुष्यात एकदा तरी या वसाहतीत येऊन जातं. शाळेच्या सहलीत, लग्न झाल्यावर, नाहीतर घरातलं कोणी गेलं की. छळाला कंटाळून पूर्वजांचा पहिला जथा हातगाडे ओढत कोरडा माळ पार करून इथल्या झऱ्यापाशी थांबला. त्यांनी घरं बांधली, प्रार्थनाघर बांधलं. पुढच्या पिढ्या पोटापाण्यासाठी पांगल्या आणि सगळं ओस पडलं. आता तिथे वाहनतळ होता, स्वच्छतागृहं होती, लाकडी हातगाड्यांच्या चिमुकल्या प्रतिकृती विकणारं दुकान होतं. घरांना ताजा चुना लावलेला होता. जुन्या पद्धतीचे घोळदार झगे घालून, डोक्याला पांढरे रुमाल बांधून पगारी बायका दारात सूत कातत बसल्या होत्या. त्यांतली एक झग्याच्या खिशातून हळूच मोबाईल काढून बघत होती.

आणि वसाहतीच्या मागच्या टेकडीवर रास होती.

पंथाचा रिवाज तसा साधा. घरातलं माणूस गेलं की घराच्या बांधकामातला एक दगड काढून आणायचा आणि या राशीवर ठेवायचा. ज्यांना नीट माती देता येते त्यांच्या बाबतीत ही नुसती रीत. पण ज्यांचं काहीच हाती लागत नाही, त्यांचं मरण या राशीवर ठरतं. आई हयात असेल तर तिनं तिथे उभं राहून स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं, की माझं मूल गेलं. ती म्हणत नाही तोवर तो माणूस पंथाच्या लेखी जिवंत. त्याच्यासाठी प्रार्थना होत नाही, त्याची बायको विधवा होत नाही आणि तिला दुसरा घरोबा करता येत नाही. या रिवाजाला हसतात सगळे, मोडत मात्र कोणी नाही.

सुनेचा नवरा मच्छीमार बोटीवर होता. बोट सापडली. इंजीन थंड, जाळी डेकवर तशीच, माणूस एकही नाही. बोटीचा मालक टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बोट सापडली ना? मग माणसंही सापडतील." आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. त्या बोटीवरच्या बाकी सगळ्यांचे दगड एकामागून एक राशीवर जाऊन पोचले. या घरातून गेला नाही.

सून एका लाँड्रीत इस्त्रीला होती. आठवडाभर ती परक्या माणसांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि सुट्टीच्या दिवशी सासूबाई मुलाचे शर्ट कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवायच्या. चुरगळलेला एकही नसायचा. "घडीवर पिवळं पडतं कापड," त्या म्हणायच्या, "आला की काय घालेल?" सून मुकाट्यानं इस्त्री तापवायची. ज्या शर्टात कोणी शिरणारच नाही त्याची कॉलर ताठ करताना तिला एकेकदा वाटायचं, आपण एक दिवस हा शर्ट जाळून टाकणार. मग ती कॉलर आणखी जपून करायची.

बेकरीत भट्टीवर काम करणारा एक जण अ‍ॅप्रनचं गाठोडं घेऊन लाँड्रीत येई. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलायला कमी. एक दिवस गाठोडं काउंटरवर ठेवून, गाठोड्याकडेच बघत तो म्हणाला, की भावानं दुसऱ्या गावी बेकरी टाकली आहे, महिनाअखेर मी कायमचा तिकडे चाललो आहे, तुम्ही याल का. सुनेनं पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "विचारून सांगते." घरी येऊन तिनं सासऱ्यांना सांगितलं. हवं होतं तिला, उगाच आडपडदा कशाला? त्या घरातून तिला बाहेर पडायचं होतं. संध्याकाळी खरोखर घरी येणाऱ्या माणसाच्या कपड्यांना इस्त्री करायची होती. आणि हे हवंसं वाटतं याची लाज तिला खात होती.

सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मी बघतो काय ते." घरातलं शहाणं माणूस म्हणजे तेच. बोटीच्या मालकाशी बोलायला तेच गेले होते, मुलाची सायकल त्यांनीच विकली होती, आणि आता वाट बघण्यात अर्थ नाही हे मोठ्यानं म्हणणारेही घरात ते एकटेच. दोन दिवसांनी, बायको बाजारात गेल्याचं बघून त्यांनी छिन्नी लावून दारापुढच्या पायरीचा कोपरा उडवला आणि त्या जागी सिमेंट भरलं. सुनेला म्हणाले, "सहल म्हणून नेऊ तिला. एकदा तिथे उभी राहिली की आपोआप निघेल तोंडातून."

आता त्यांनी तीन तिकिटं घेतली आणि तिघं प्रार्थनाघराच्या बुटक्या दारातून वाकून आत गेले.

आत गारवा होता. बाकांवर पाच-सहा माणसं बसलेली. झगा घातलेली एक बाई पुढे उभी राहून सांगत होती, आणि जणू आपणच त्या जथ्यातून चालत आलो अशा थाटात सांगत होती. "आम्ही निघालो तेव्हा थंडी पडायची होती. माळावर झाड नाही, झुडूप नाही. पाणी संपत आलं. आमच्यातल्या एका आईच्या मुलाला ताप भरला. जथा थांबला असता तर सगळेच मेले असते. तिनं मुलाला खडकाच्या आडोशाला झोपवलं, आपलं घोंगडं त्याच्यावर घातलं आणि हातगाड्याचा दांडा धरला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. इथे पोचल्यावर आपल्या नव्या घराच्या पायातला दगड तिनं टेकडीवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, माझं मूल गेलं. तिथून रास सुरू झाली. बाहेर तिचा पुतळा आहे, तो जरूर पाहा."

"गेलं हे तिला कुणी सांगितलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सासूबाई बाकावरून उठल्याही नव्हत्या.

"अं?" झगेवाली बाई म्हणाली.

"जिवंत सोडून आली होती ना त्याला? मग मेला हे कुठून कळलं तिला?"

"म्हणजे... आमची श्रद्धा आहे की देवानं त्याला..."

"ते राहू दे. नंतर कोणी परत गेलं होतं का बघायला? एखादा माणूस? उन्हाळ्यात, पाणी-बिणी घेऊन?"

"तसा काही उल्लेख नाहीये, आजी." बाईचा आवाज आता एकदम साधा, घरातला झाला होता.

"वा गं वा! तापानं फणफणलेलं पोर माळावर टाकायचं, इकडे येऊन त्याच्या नावानं दगड ठेवायचा, आणि तुम्ही तिचे पुतळे उभारता!"

"अगं, हळू," सासरे म्हणाले.

"हळू कशाला? ती मेली कधीच. तिला थोडंच ऐकू जातंय."

एकानं खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. सुनेला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाकीची माणसं पांगल्यावर झगेवाली जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मलाही दोन मुलं आहेत, आजी. रोज तेच तेच सांगते ना, तर शब्द नुसते तोंडातून जातात." तिला आणखीही काही बोलायचं होतं, पण दारातून पुढची माणसं आत शिरली. तिनं रुमालाची गाठ सारखी केली. "आम्ही निघालो तेव्हा थंडी पडायची होती," ती म्हणाली.

जेवायला ते दुकानामागच्या बाकावर बसले. सुनेनं डबा उघडला. पाव, उकडलेली अंडी, मिठाची पुडी. सासरे पिशवी दोन पायांच्या मधे धरून बसले. सासूबाई अंडं सोलत होत्या. त्या पहिल्यापासून सावकाश सोलत, कवच अखंड निघावं म्हणून.

"पायरीचं सिमेंट बरं धरलंय," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांचा घास तोंडाशीच थांबला. "कुठलं सिमेंट?"

"मी बाजारातून आले तेव्हा ओलं होतं. मांजर चालून गेलंय त्यावरून, पाऊल उमटलंय. इतकी वर्षं लोकांच्या फरश्या बसवता आणि घरच्या पायरीवर मांजराचा पाय." त्यांनी सोललेलं अंडं सुनेच्या हातात दिलं. "मला काय आंधळी समजलात तुम्ही दोघं? त्या पिशवीत काय आहे हे न कळायला?"

"मग आलीस कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही कुठवर जाता ते बघायला."

सुनेच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. सासूबाई आता तिच्याकडे बघत होत्या. रागानं नाही, बाजारात माप नीट आहे ना ते बघावं तसं.

"हे यांच्या डोक्यातून निघालेलं नाही. तुला हवंय?"

नाही म्हणून टाकावं असं सुनेच्या अगदी ओठांवर आलं. सवयच झाली होती तशी. पण महिना संपत आला होता, आणि आज नाही म्हटलं तर आयुष्यभर नाहीच.

"हो," ती म्हणाली.

"कोण आहे?"

"बेकरीतला. भट्टीवर असतो."

"तो अ‍ॅप्रनवाला? मान खाली घालून चालतो तो?"

"हो."

"माणूस बरा आहे?"

"बरा आहे."

"पाण्यावरचं काम नाही ना?"

"नाही हो, आई. भट्टी."

"मग फार तर भाजेल," सासूबाई म्हणाल्या, "दिसेल तरी."

सासऱ्यांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि तिथेच विरला. त्यांना वाटलं आता झालंच. ते बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मग चल ना वर. दोन शब्द म्हण आणि मोकळं कर पोरीला. तुझं-माझं आता काय राहिलंय? तिचं सगळं पुढे आहे."

"कळतं मला ते. मुलीसारखी आहे ती, मला का कळत नाही?" सासूबाईंनी हात झटकला नाही. "पण माझ्या तोंडून ते निघायचं नाही. मी म्हटलं की संपलं. समजा तो कुठे पडलेला असेल, कुठल्या बेटावर, कुठल्या दवाखान्यात, त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नसेल. आणि इकडे आईनं त्याला मारून टाकलेला. नाही. तुम्हाला जायचं तर जा दोघं. दगड ठेवा, घोंगडं घाला, काय करायचं ते करा."

"आईनं म्हटल्याशिवाय चालत नाही, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे म्हणूनच."

सुनेनं डब्याचं झाकण लावलं. तिला रडू आलं नाही. संताप आला आणि त्या संतापात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. आता बेकरीवाल्याला काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवू लागली. पण सासरे उठून टेकडीकडे चालायलाही लागले होते, पिशवीच्या वजनानं एका बाजूला कलून. त्यांच्या मागून सून निघाली. थोडं पुढे जाऊन तिनं वळून पाहिलं, तर सासूबाईही येत होत्या, स्वेटरची बटणं लावत. "एकटी बसून काय करू इथे?" त्या म्हणाल्या. "तुमचे गुडघे अर्ध्यावर बसतील, मग मलाच यावं लागेल उचलायला."

चढावर सासऱ्यांना भलतीच बोलायची हुक्की आली. वाटेच्या कडेची भिंत दाखवून ते म्हणाले, चुना कमी पडलाय, पण सांधे बघ कसे बसवलेत. झऱ्याच्या पन्हळीपाशी थांबून पाण्याचा उतार दाखवला. धाप लागत होती तरी तोंड थांबत नव्हतं. सुनेनं पिशवी मागितली. नाही दिली. "माझी सवय आहे," म्हणाले. सासूबाई मागून म्हणाल्या, "त्यांना बोलू दे गं. गप्प राहिले की चढ जाणवतो."

वरती वारा होता. रास डोळ्यांसमोर आली तेव्हा तिघंही थांबले. सुनेनं ती शाळेच्या सहलीत पाहिली होती, पण तेव्हा तिला तो नुसता दगडांचा डोंगर वाटला होता. आता एकेक दगड दिसत होता. जात्याचा तुकडा, विटांचे अर्धे तुकडे, गुळगुळीत झालेला चौकटीचा दगड, स्वयंपाकघरातल्या ओट्याची कडा. सगळी घरंच ती, तुकड्यातुकड्यांनी वर आणून टाकलेली. भोवती साखळी बांधलेली होती आणि साखळीच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक रखवालदार बसला होता. त्याच्या शेजारी पांढऱ्या खड्यांची टोपली होती.

"एकेक खडा घ्या, राशीवर ठेवा, या बाजूनं खाली उतरा," तो येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत होता. सासऱ्यांची पिशवी बघून त्यानं हात आडवा केला. "बाहेरचा दगड आहे का, काका?"

"आहे."

"सरसकट दगड ठेवणं बंद केलंय. लोक काय वाट्टेल त्यासाठी दगड आणायला लागले. कुणाची परीक्षा, कुणाची नोकरी. मागे एक जण सामना जिंकावा म्हणून ठेवून गेला. रास ढासळायला लागली. आता फक्त गेलेल्या माणसाचा चालतो. कोण गेलं तुमचं?"

"मुलगा," सासरे म्हणाले.

"अरेरे. कधी?"

"बोटीवर होता."

"हो, पण वारला कधी?"

सासऱ्यांनी ओठ ओले केले. "इंजीन चांगलं होतं," ते म्हणाले. "नवीन बसवलं होतं. मी स्वतः गेलो होतो बघायला. आवाज असा स्वच्छ, जरासुद्धा खरखर नाही."

मागे आणखी एक कुटुंब येऊन उभं राहिलं होतं. पोरं साखळीला लोंबकळत होती.

"काका, मला फक्त एवढंच सांगा. वारला ना तो?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. घरातलं शहाणं माणूस, पण त्यांची नजर अगदी बाजारात हात सुटलेल्या पोरासारखी झाली होती. सांग ना, असं ती नजर म्हणत होती. एक शब्द. बाकावर हो म्हणणारी ती, तिला काय अवघड होतं? सुनेनं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. इतके दिवस ती समजत होती, की सासूबाईंनी अडवून धरलंय म्हणून आपण तो शब्द बोलत नाही.

"मग असं करा," रखवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "पिशवी इथे खुर्चीपाशी ठेवा, पांढरा खडा घ्या आणि पुढे व्हा. परत जाताना आपला दगड न्या." आणि त्यानं पिशवीच्या बंदाला हात घातला.

"हात लावू नका."

सासूबाई पुढे आल्या होत्या.

"आजी, नियम आहे. मी काय करू? इथे गेलेल्याचाच..."

"गेलेल्याचाच आहे." त्यांनी रखवालदाराचा हात बंदावरून बाजूला केला. "माझ्या घराची पायरी आहे ती. माझा मुलगा त्या पायरीवर बसून बूट घालायचा. मेला तो. समुद्रात मेला, चौथं वर्ष चालू आहे. मी त्याची आई, मी सांगते. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

रखवालदार उठून उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि खुर्ची मागे ओढून वाट करून दिली.

झालं. सून ज्याच्यासाठी इतके दिवस थांबली होती ते झालं होतं, पंथाच्या रिवाजाप्रमाणे, राशीसमोर, आईच्या तोंडून, चार माणसांच्या देखत. ती मोकळी झाली होती. तिला वाटलं होतं, त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरेल. त्याऐवजी बोटीचा मालक आत्ता, या क्षणी दारात येऊन उभा राहिलाय असं वाटलं, आणि नवऱ्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी तिला स्पष्ट दिसला. ती साखळीचा खांब धरून उभी राहिली.

सासूबाईंचा श्वास चढला होता. पण त्या रडत नव्हत्या. "काढा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सासऱ्यांनी पिशवी उघडली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला दगड बाहेर काढला, टॉवेल खाली पडला. वरची बाजू पायांनी झिजून तुकतुकीत झालेली, खालची ताजी फुटलेली, पांढुरकी. ते राशीपाशी गेले, गुडघे टेकून बसले. दगड दोन्ही हातांत छातीशी धरलेला. आणि तसेच राहिले.

"ठेवा," सासूबाई म्हणाल्या.

ते हलले नाहीत.

"अहो, ठेवा. माणसं खोळंबलीत मागे."

"तू का म्हणालीस?" सासरे म्हणाले.

त्यांचा आवाज सुनेनं कधी ऐकला नव्हता असा होता.

"मी नसते म्हणाले तर..."

"तू कशाला म्हणालीस गं? तू नाही म्हणायचीस ना? रोज नाही म्हणायचीस. मी काहीही बोललो तरी नाही म्हणायचीस. मला वाटायचं, ही आहे ना घरात. ही बघतेय वाट." त्यांनी मान खाली घातली आणि कपाळ दगडाला लावलं.

सून बघत राहिली. सायकल विकणारा, मालकाशी बोलणारा, छिन्नी लावून पायरी फोडणारा हा माणूस. या सगळ्यात एकदाही त्यांचा हात थरथरलेला तिनं पाहिला नव्हता. त्यांना कशाला थरथरावं लागलं असतं? त्यांच्या वाटची वाट बघायला घरात दुसरं माणूस होतं.

सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. बसताना त्यांना त्रास झाला, एक हात जमिनीवर टेकवावा लागला. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाचं अंग चेपतात तसा. मग त्यांच्या हातावर हात ठेवला.

"द्या इकडे."

"नाही."

"अहो, द्या. बोलून झालंय आता. बोललेलं परत घेता येतं का?"

"नाही. घरी नेऊ. मी बसवतो परत पायरीला. कळणारसुद्धा नाही कुणाला, असा बसवतो."

दगडावरची पकड त्यांनी आणखी आवळली. सासूबाईंनी एका हाताचा अंगठा सोडवायला घेतला. तो सुटेना. त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं.

"बघत काय उभी राहिलीस? तिकडून धर."

सुनेनं साखळीचा खांब सोडला. ती दुसऱ्या बाजूला येऊन गुडघ्यांवर बसली. सासऱ्यांच्या नखांत सिमेंट होतं, बोटं थंडगार पडलेली. आयुष्यभर फरश्या उचललेली बोटं ती, सरळ होता होईनात. एक बोट सोडवून दुसऱ्याला हात घालावा, तोवर पहिलं पुन्हा दगडावर मिटलेलं असायचं. तिनं जोर केला. सासऱ्यांच्या तोंडून हुंदका निघाला.

"घाई करू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "लागेल त्यांना."